पॅसिव्ह मिलिमीटर वेव्ह स्कॅनर: चित्र स्पष्ट कसं मिळवायचं
कपड्यांखाली लपवलेल्या वस्तू शोधणारा हा स्कॅनर स्वतः कोणत्याही लहरी सोडत नाही. अंगातून सतत निघणाऱ्या लहरी, बहुधा 94 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, फक्त टिपतो. कोरडे कपडे त्यांना फारसे अडवत नाहीत. धातू मात्र समोरच्या परिसराचं प्रतिबिंब दाखवतो, म्हणून अंगावर वेगळा डाग उमटतो.

उघड्यावर धातूत थंड आकाशाचं प्रतिबिंब दिसतं, काम सोपं. खरी कसरत इमारतीत: त्वचा आणि भिंतींत जेमतेम 10 अंशांचा फरक! खोली गार ठेवा, समोर हीटर नको.

रिसीव्हर (लहरी टिपणारा भाग) आधी स्थिर तापमानाला येऊ द्या, मग गरम आणि थंड शोषकांवर (लहरी शोषणाऱ्या पृष्ठभागांवर) कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचं मोजमाप जुळवून घ्या. घाई केली की चित्रात पट्टे येतात. 50 सेंमीचा अँटेना 2 मीटरवरून साधारण दीड सेंटिमीटरचा बारकावा देतो. ओलं जॅकेट आधी उतरवायला सांगा. पाणी लहरी शोषून घेतं.