घरगुती सोलर हीटर: टाकीची उंची आणि पाइपचा चढ

पंपाशिवाय पाणी फिरवायचं, तर टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा किमान 30 सेंमी उंच हवा. टाकी खाली राहिली की रात्री प्रवाह उलटतो आणि पहाटेपर्यंत पाणी कोमट होतं. पॅनेलकडून टाकीत जाणारा पाइप सलग चढताच ठेवा. मध्ये जरासं कुबड आलं तरी तिथे हवा अडकते. मग पॅनेल चटके देतं, नळाला मात्र पाणी गारच! हा पाइप तांब्याचा घ्या, साधा पीव्हीसी मऊ पडून वाकतो. पुण्यात पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल सुमारे 30 अंश, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊन नीट मिळतं. पॅनेलमधल्या ऊन शोषणाऱ्या पत्र्यामागे, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून, 50 मिमी ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरा. थर्माकोल मुळीच नको, तापल्यावर तो आक्रसतो.