घरातलं हायड्रोपोनिक्स: आधी लिटर मोजा, मग भोकं

हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात रोपं वाढवण्याचं, किट निवडताना पहिली नजर जाते ती भोकांवर. ३६ रोपांचा टॉवर, ७२ रोपांची पाइपची मांडणी. जाहिरातीत हाच आकडा मोठा असतो. टाकी किती लिटरची, हे खाली बारीक अक्षरात सापडतं, आणि रोपं तगणार की कुजणार ते बरंचसं त्या बारीक अक्षरावर ठरतं. पूर्ण वाढलेलं एक लेट्यूस उबदार दिवसांत रोज २०० मिलीच्या आसपास पाणी पितं. ३६ लेट्यूस म्हणजे दिवसाला ७ लिटर. टाकी २० लिटरची असेल तर तिचा तिसरा हिस्सा एका दिवसात संपला. रोपं पाणी भराभर ओढतात, खत त्या मानाने कमी. मग उरलेलं द्रावण तीव्र होत जातं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी त्याचं माप) सरकतो, आणि पाणी थोडं म्हणून ते तापतंही लवकर. कुंडीत चूक झाली तर माती ती चार दिवस पोटात घालते. इथे ते काम पाण्याला करायचं आहे. पालेभाजीला रोपामागे किमान ४ ते ५ लिटर आणि टोमॅटो-मिरचीला १५ ते २० लिटर पाणी धरून चाला.

कोणती पद्धत घ्यावी

लिटरनंतरचा प्रश्न: वीज गेली किंवा पंप अडकला तर रोपं किती वेळ तग धरतील?

सगळ्यात निर्धास्त पद्धत क्रॅटकी. अमेरिकेतल्या हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ती ओळखली जाते. पंप नाही, वीज नाही. डब्यात द्रावण भरायचं, झाकणात रोप बसवायचं. पाण्याची पातळी उतरते तशी वरची मुळं मोकळ्या हवेत येतात आणि तिथून ऑक्सिजन घेतात, खालची मुळं पाणी पितात. एका लेट्यूसला लावणीपासून काढणीपर्यंत साधारण ४ लिटर पुरतं. लोक चुकतात ते एकाच ठिकाणी: पातळी खाली गेलेली पाहून डबा पुन्हा काठोकाठ भरतात. हवेची सवय झालेली मुळं बुडतात आणि रोप दोन दिवसांत मान टाकतं. दुसरी अडचण डासांची. पाणी स्थिर असल्यामुळे बोटभर फटही अंडी घालायला पुरते, तेव्हा झाकण आणि नेट कपाच्या (रोप बसवायच्या जाळीदार कपाच्या) कडा घट्ट बसायला हव्यात.

डीप वॉटर कल्चर, म्हणजे डीडब्ल्यूसी, हीच मांडणी. फक्त पाण्यात एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून सतत हवा दिली जाते. वाढ जोमदार होते आणि हवेचा पंप बंद पडला तरी काही तास निभावतात. पहिल्यांदा करणाऱ्याने हीच घ्यावी.

एनएफटीत (न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक) हलक्या उताराच्या पन्हळीतून द्रावणाचा पातळ थर वाहता ठेवतात. ४० सेमी लांबीमागे १ सेमी उतार आणि प्रत्येक पन्हळीत मिनिटाला १ ते २ लिटर प्रवाह हे नेहमीचं माप. दिसायला देखणी, पण मुळांजवळ साठा जवळपास शून्य. भर उन्हाळ्यात पंप बंद पडला तर तासा-दोन तासांत पानं लोळायला लागतात. उभ्या टॉवरची तीच कथा. फवाऱ्यावर चालणाऱ्या एरोपोनिक्सचे नोझल क्षाराने बुजतात, नवख्याने तिकडे वळू नये. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची लावायची असेल तर कोकोपीट किंवा परलाइट (हलके पांढरे खडे) भरलेल्या बादल्या आणि ठिबक हे बरं, कारण त्या मुळांना आधारही लागतो. वातीने द्रावण मुळांपर्यंत ओढायची पद्धत पुदिन्यासारख्या एखाद-दुसऱ्या छोट्या रोपापुरती ठीक.

सहा रोपांचा टब

डीडब्ल्यूसीसाठी झाकणाचा, अपारदर्शक, ४० लिटरचा प्लॅस्टिक टब घ्या, साधारण ५५ × ३८ सेमी. तळाला २ किंवा ५ आकडा असलेलं प्लॅस्टिक (एचडीपीई, पीपी) चालतं. टबात टॉर्च ठेवून झाकण लावा आणि खोलीत अंधार करा. बाहेर उजेड झिरपताना दिसला तर त्याच वाटेने आतही जाणार आणि आठवड्यात हिरवं शेवाळ धरणार. मग बाहेरून आधी काळा, त्यावर पांढरा रंग द्या: काळा उजेड अडवतो, पांढरा उष्णता परतवतो.

झाकणावर तीन-तीनच्या दोन रांगा आखा, दोन केंद्रांत १८ ते २० सेमी. ५ सेमीचे नेट कप घेतले असतील तर भोकाचं माप कपाच्या ओठाखाली मोजा. ओठाच्या मापाने पाडलं तर कप आत पडतो. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लावण्याआधी खुणेवर कागदी चिकटपट्टी लावा आणि ड्रिल सुरुवातीला उलट्या दिशेने फिरवा, म्हणजे झाकण तडकत नाही. कोपऱ्यात एक सातवं भोक पाडून त्याला बूच लावा. मीटर बुडवायला, पाणी घालायला तेच कामी येतं. दर वेळी रोपांसकट झाकण उचललं की मुळं तुटतात.

मिनिटाला ३ ते ४ लिटर हवा देणारा पंप आणि दोन एअर स्टोन पुरेसे आहेत. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. ते जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न (एकाच दिशेने जाऊ देणारा) व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून मागे येऊन पंपात शिरतं. व्हॉल्व्ह उलटा बसवला तर हवाच येत नाही, म्हणून आधी तोंडाने फुंकून दिशा तपासा. वायर सॉकेटकडे जाताना एकदा खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या. ओघळलेलं पाणी त्या झोळातून टपकून जातं. सॉकेट अर्थ लीकेज ब्रेकरवर (करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचवर) असावं. भरलेला टब ३५ किलोच्या वर जातो, तेव्हा भरण्याआधीच जागा ठरवा.

खिडकीत रोज ५-६ तास थेट ऊन येत नसेल तर दिवा लावावाच लागतो. या आकाराच्या टबाला प्रत्यक्ष ३० ते ४० वॅट ओढणारा पांढरा एलईडी, पानांपासून २५-३० सेमीवर, रोज १४ ते १६ तास टाइमरवर. जांभळे दिवे टाळा. त्या उजेडात पिवळं पडलेलं पान ओळखूच येत नाही.

पाणी, खत, पीएच

आधी नुसत्या पाण्याचा ईसी मोजा. ईसी म्हणजे विद्युतवाहकता (mS/cm), पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप. ०.३ च्या आत असेल तर उत्तम. ०.७ च्या पुढे गेला तर त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा. सॉफ्टनरचं पाणी नको, त्यात सोडियम असतो. मीटरवर पीपीएम दिसत असेल तर तो कोणत्या पट्टीचा ते पाहा: एकच १.० ईसी एका मीटरवर ५०० आणि दुसऱ्यावर ७०० दिसतो. दुसऱ्याचा आकडा ऐकून खत घालण्यात बरीच रोपं जळतात.

कोरड्या खतांचं रुळलेलं प्रमाण असं: सूक्ष्म अन्नद्रव्यांसह ४-१८-३८ ग्रेडचं (नायट्रोजन-फॉस्फरस-पोटॅश) खत लिटरला ०.६ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.३ ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ०.६ ग्रॅम. पालेभाजीला याच्या दोन तृतीयांश पुरे. म्हणजे टबातल्या ३२ लिटर पाण्यात १३, ६.५ आणि १३ ग्रॅम, ईसी १.२ च्या आसपास. रोपं नुकतीच लावली असतील तर पहिला आठवडा निम्म्यावर भागवा. चमच्याने मोजू नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो.

क्रम मात्र पाळायचाच. पहिलं खत टबातल्या पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग मॅग्नेशियम सल्फेट. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या लिटरभर पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत ओता. ही तिन्ही दाट अवस्थेत एकत्र आली तर कॅल्शियम सल्फेटशी आणि फॉस्फेटशी बांधला जातो आणि तळाला पांढरा गाळ बसतो. रोपाला त्या गाळातलं काही मिळत नाही. बाजारातली द्रव खतं ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत येतात ती याचसाठी.

पीएच खतानंतर, अर्धा तास हवा चालू ठेवून मोजा. ५.५ ते ६.५ मध्ये हवा. वर असेल तर पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल १-१ मिली टाकत, ढवळत, पुन्हा मोजत खाली आणा. लिंबू किंवा व्हिनेगरने पीएच उतरतो खरा, पण जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत आकडा मूळपदावर येतो. मीटर ७.० आणि ४.० च्या बफरने (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाने) महिन्याला तपासा. त्याचं टोक साठवणीच्या द्रावणात ओलं ठेवा. साध्या किंवा आरओच्या पाण्यात ठेवलं तर ते निकामी होतं.

रोप तयार करणं आणि लावणं

२.५ सेमीचे स्पंजचे तुकडे साध्या पाण्यात दाबून हवा काढा आणि प्रत्येकात दोन बिया ठेवा. लेट्यूसची बी खोल पुरू नका, तिला उजेड लागतो. २६-२८ अंशांच्या वर तापमान गेलं की ती उगवायचं नाकारते. लोक बियाण्याला दोष देतात. बीजपत्रं उघडली की लगेच दिव्याखाली, नाहीतर रोपं दोऱ्यासारखी लांबतात. दहा-चौदा दिवसांनी दोन खरी पानं आणि स्पंजखाली पांढरं मूळ दिसलं की नेट कपात बसवा, भोवती क्ले बॉल्स (भाजलेल्या मातीच्या गोळ्या) भरा. उघड्या स्पंजवर उजेड पडला की तिथेच शेवाळ आणि चिलटं येतात.

सुरुवातीला पाणी कपाच्या तळाला अर्धा-एक सेमी शिवू द्या. मुळं ५-७ सेमी लोंबली की पातळी कपाखाली ३-४ सेमी आणा आणि तिथेच राखा.

रोज काय पाहायचं

पाणी, ईसी आणि पीएच. दोन मिनिटांचं काम. पाणी उतरलं आणि ईसी चढला, तर द्रावण तीव्र आहे, साधं पाणी घाला. दोन्ही उतरले, तर रोपं भुकेली आहेत. ईसी जागच्या जागी राहिला, तर प्रमाण जमलं. पीएच रोज थोडा वर सरकणं स्वाभाविक आहे. मुळं नायट्रेट घेतात त्याचाच तो परिणाम. दर दोन-तीन आठवड्यांनी द्रावण पूर्ण बदला, जुनं कुंड्यांना घाला.

पाण्याचं तापमान मात्र बहुतेक जण मोजतच नाहीत. १८ ते २२ अंश चांगलं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच, आणि त्या उष्णतेत मुळांची गरज उलट वाढते. २५ च्या पुढे पिथियमची (बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाची) मूळकूज टपलेली असते. मुळं बोटांत धरून पाहा: खताने तपकिरी झालेली मुळं टणक असतात, कुजलेल्या मुळाची साल बोटात निसटते, आत दोरा उरतो आणि गटारासारखा वास येतो. कुजलेलं कापा, द्रावण बदला, हवा वाढवा, टब जमिनीच्या तापीपासून थर्माकोलवर उचला आणि दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली आत सोडा. नुसतं औषध टाकून, तापमान तसंच ठेवून, कूज थांबत नाही.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये, आणि बहुधा पीएच चढलेला असतो. लोह ईडीटीए स्वरूपात (त्याला विरघळलेलं ठेवणाऱ्या रसायनाला बांधलेलं) असेल तर ६.५ च्या वर ते त्यापासून सुटतं आणि रोपाला मिळत नाही. म्हणून आधी पीएच पाहा, खत मागाहून. जुनी पानं शिरांमध्ये पिवळी पडली तर मॅग्नेशियम कमी, पूर्ण पिवळी पडली तर नायट्रोजन. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या की कॅल्शियम वाढवायचा मोह होतो. द्रावणात तो बहुतेक वेळा पुरेसा असतो, बंद हवेत पानातून बाष्प उडत नाही म्हणून तो टोकापर्यंत चढत नाही. छोटा पंखा मंद गतीवर लावा आणि दिवा रोज तास-दोन तास कमी वेळ लावा.

काढणीनंतर टब, कप आणि स्टोन लिटरला १० मिली घरगुती ब्लीच घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवा, वास जाईपर्यंत धुवा आणि वाळवा. ब्लीचची बाटली पीएच उतरवायच्या आम्लाशेजारी ठेवू नका. दोन्ही एकमेकांत सांडली तर क्लोरीन वायू सुटतो.