गार्डन रूटला जाताय? मग या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेचा गार्डन रूट म्हणजे मॉसेल बे ते स्टॉर्म्स रिव्हर हा किनारा, अंतर साधारण २०० किलोमीटर, आणि सगळा घोळ या आकड्यापासूनच सुरू होतो. नकाशा बघून वाटतं की हे तर एका दिवसाचं काम, सकाळी निघू आणि चहाला पोचू. पोचता हो, पण बघून काहीच होत नाही. एन२ हायवे विल्डरनेस या गावाजवळ समुद्राला अगदी खेटून जातो, पण पुढे तो बराचसा आतून, वरच्या पठारावरून आहे, त्सित्सिकामाच्या जंगलात तर खिडकीतून नुसती झाडं दिसतात. समुद्रकिनारे, नद्यांची मुखं, जंगलातल्या वाटा हे सगळं हायवे सोडून खाली उतरणाऱ्या फाट्यांच्या टोकाला आहे. त्यामुळे चार रात्री तरी ठेवाच, आणि रोज बॅगा भरून नवीन हॉटेल नको, दोन मुक्काम पुरतात, एक विल्डरनेस किंवा नायस्नाला आणि दुसरा प्लेटनबर्ग बे किंवा थेट गार्डन रूट नॅशनल पार्कात.

पार्कात राहणार असाल तर नाव नीट बघून मॅप लावा. स्टॉर्म्स रिव्हर नावाचं गाव हायवेजवळ आहे, आणि स्टॉर्म्स रिव्हर माउथ हा पार्कातला कॅम्प खाली समुद्रावर, त्याचा फाटा वेगळा. आम्ही घाईत नुसतं 'स्टॉर्म्स रिव्हर' टाकलं आणि दिवेलागणीला गावात जाऊन उभे, मग तिथून मागे फिरून अंधारात फाटा शोधत बसलो. रात्री या हायवेवर गाडी चालवायचीच नाही असं ठरवलेलं, कधी माणसं चालत असतात कधी गुरं आडवी येतात, आणि नेमकं तेच करावं लागलं.

दुसरा गैरसमज म्हणजे गार्डन रूट नॅशनल पार्क एकसंध आहे, एका गेटातून शिरलं की झालं. तसं नाहीये. २००९ मध्ये विल्डरनेस, नायस्ना आणि त्सित्सिकामा हे भाग एकत्र करून हा पार्क झाला, मधे मधे गावं आहेत, शेतं आहेत. त्सित्सिकामा तर १९६४ पासूनचा, आफ्रिकेतला पहिला सागरी राष्ट्रीय उद्यान. आणि प्लेटनबर्ग बेजवळचं रॉबर्ग हे अभयारण्य यात येतच नाही, ते केपनेचर या प्रांताच्या संस्थेकडे आहे, तिकीट वेगळं. परदेशी माणसाला रोजची एन्ट्री फी स्थानिकांपेक्षा बरीच जास्त पडते, म्हणून जास्त दिवस जंगलात जाणार असाल तर वर्षभर चालणाऱ्या वाइल्ड कार्ड या पासचा हिशोब आधी मांडून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भरती-ओहोटीची वेळ न बघता निघणं. रॉबर्गला ट्रेलचे तीन फेरे आहेत, २.१, ५.५ आणि ९.२ किलोमीटरचे. मोठ्या फेऱ्यात जाताना तुम्ही उंच कड्यावरून चालता, खाली सील पडलेले असतात, त्यांचा ओरडा आणि वास दोन्ही वरपर्यंत येतात, मजा येते. पण टोकाला वळसा घालून परत येताना वाट खाली खडकांवर उतरते, अगदी पाण्याशेजारी. आम्ही दुपारी उशिरा निघालेलो, भरती चढत होती, आणि पुढचा खडक कोरडा दिसतोय म्हणून मी पाय टाकणार तेवढ्यात एक लाट त्याच्यावरून सरळ आडवी गेली. तिथूनच मागे फिरलो, गेलेल्या वाटेनेच परत आलो, दीड तास जास्त गेला पण वाईट नाही वाटलं. आदल्या रात्री टाइड टेबल बघा आणि खडकांचा भाग ओहोटीत येईल असं निघा. ऑटर ट्रेल या पाच दिवसांच्या प्रसिद्ध ट्रेकवर तर चौथ्या दिवशी ब्लोक्रान्स नदी तिच्या मुखाशी ओलांडायची असते, तिथे त्या दिवशी किती वाजता उठायचं हे ओहोटीच ठरवते.

पोहण्याचंही तसंच. विल्डरनेसचा बीच दिसायला शांत, पण पाण्याला भयंकर ओढ आहे. लाइफगार्ड असेल तिथेच, झेंड्यांच्या मधेच उतरा. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम जातो, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग बाहेर या. इमर्जन्सीला मोबाइलवरून ११२.

हवामानाबद्दल, केप टाउनला उन्हाळा कोरडा असतो म्हणून इथेही असेल असं धरू नका, इथे बाराही महिने पाऊस येतो, म्हणून तर एवढं हिरवं आहे. रेनकोट बॅगेत वरच ठेवा. डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत तिकडच्या शाळांना सुट्टी, तेव्हा गर्दी प्रचंड आणि भाव चढे. राइट व्हेल बघायचे असतील तर जुलै ते नोव्हेंबर.

गाडी केप टाउनला भाड्याने घेऊन दुसऱ्या टोकाला, म्हणजे पोर्ट एलिझाबेथला, सोडणार असाल तर वन-वे चार्ज आधी विचारा, आणि डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, नवऱ्याचं कार्ड आणि बायको ड्रायव्हर असं बहुतेक ठिकाणी चालत नाही. पोर्ट एलिझाबेथचं नाव २०२१ पासून गेबेर्हा झालंय, पाट्यांवर ते दिसलं की रस्ता चुकलो म्हणून यू-टर्न मारू नका.

आणि नेचर्स व्हॅलीकडे गाडी लावताना काचा पूर्ण वर, खाऊची पिशवी सीटवर नको, डिकीत. बबून माकडांना ती बरोब्बर दिसते.