जिल्हा परिषद शाळेत स्पीच थेरपी: पहिल्या काही महिन्यांत काय करावं

मी १४ वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या शाळांमधून स्पीच थेरपिस्ट म्हणून फिरते आहे. नव्यानं काम सुरू करणाऱ्या मुली फोन करतात, "ताई, पहिल्या दिवशी काय न्यायचं?" चित्रकार्डं न्याच, पण ती पिशवीतून काढायच्या आधी गावाची बोली ऐका.

पहिल्याच वर्षी मी पहिलीतल्या एका मुलीच्या कागदावर 'ळ येत नाही' असं लिहून ठेवलं होतं. डोळ्याला ती 'डोया' म्हणायची. दुपारी तिची आजी न्यायला आली, तिच्या तोंडीही 'डोया'च. अहिराणीत ळ चा य होतो. मुलीत काही दोष नव्हता, कागद मी भरला होता. म्हणून आधी आई, आजी, शेजारची पोरं कशी बोलतात ते ऐका. घरी पावरी किंवा बंजारा बोलणाऱ्या मुलाचे शब्द त्याच भाषेत मोजा. आईला विचारलं की ती नीट सांगते.

त्यानंतर कान. तोंडासमोर कागद धरून हळू आवाजात चित्राचं नाव घ्या, नाहीतर मूल ओठ बघून ओळखतं. मूल चुकत असेल, कान वाहत असेल, सारखं "आँ?" करत असेल, तर थेरपी थांबवा आणि श्रवण तपासणीला पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. त्यांची तारीख मुख्याध्यापकांकडून घ्या, पण तेवढ्यासाठी थांबू नका, जिल्हा रुग्णालयात पाठवा.

आता नेहमीचं उदाहरण. पाच वर्षांचा मुलगा काकाला 'ताता' म्हणतो. त्याला "काका म्हण" असं दहादा सांगून काही होत नाही, तो फक्त गप्प होतो. कार आणि तार अशी दोन चित्रं ठेवा, तुम्ही बोला, त्यानं बोट दाखवावं. हा फरक त्याला कानानं पक्का कळू द्या. मग गुळण्या करायला लावा, म्हणजे घशापाशी काय होतं ते त्याला जाणवतं. चटईवर उताणं झोपवलं की जीभ आपोआप मागे जाते. सुरुवात 'काका'पासून करू नका. 'नाक'सारखा क शेवटी येणारा शब्द बऱ्याच मुलांना आधी जमतो. मग को, कू, मग शब्द, मग वाक्य. २० शब्दांपैकी १६ बरोबर आले की मी पुढच्या पायरीवर जाते. मेणबत्ती फुंकणं, जीभ बाहेर काढून फिरवणं यात वेळ घालवू नका. क हा बोलूनच येतो.

वेळ म्हणाल तर सकाळी, खिचडीच्या आधी. जेवणानंतर लहान मुलं पेंगतात. वीस मिनिटं, एका वेळी तीन मुलं पुरे.

तुम्ही आठवड्यातून एकदा जाणार, बाई रोज आहेत. त्यांना एवढंच सांगा: मूल म्हणालं "बाई, ताता आला", तर "नीट बोल" न म्हणता "हो का, काका आला?" असं क वर जरा थांबून म्हणायचं. आईला वही देऊ नका. कापूस वेचून आलेल्या बाईला गृहपाठ जमत नाही. भाकरी थापताना म्हणायचा एकच शब्द द्या, आठवडाभर तोच.

आणि तोतरं बोलणारं मूल. त्याची पाळी आली की बाई मायेपोटी पुढच्याला वाचायला सांगतात. तसं होऊ देऊ नका. आधी सगळ्या वर्गाला एका सुरात वाचायला लावा. सर्वांबरोबर वाचताना बहुतेक तोतरी मुलं अडखळत नाहीत. मग शेजाऱ्याबरोबर दोघांनी. एकट्यानं वाचायचं की नाही ते त्यालाच विचारा, आणि तो अडकला तर त्याचा शब्द कुणी पुरा करायचा नाही, हे वर्गाला त्याच्यासमोर नव्हे तर तो नसताना सांगा.