मैफलींच्या आयोजनातून रेकॉर्ड लेबल कसे उभारावे

रेकॉर्ड लेबल, म्हणजे ध्वनिमुद्रिका प्रकाशित करणारी संस्था, काढू इच्छिणाऱ्याने आधी मैफलींचे आयोजन करावे, असे माझे ठाम मत आहे; कारण कोणता कलाकार श्रोत्यांना खिळवून ठेवतो, हे सभागृहाच्या मागच्या रांगेत उभे राहिल्याशिवाय नीट कळत नाही. अमेरिकेतील जॅझ मैफलींचे आयोजक नॉर्मन ग्रॅन्झ यांची कारकीर्द याच वाटेने गेली. १९४४ मध्ये लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक ऑडिटोरियममध्ये त्यांनी जॅझची मैफल भरवली, पुढे अशा मैफलींच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि १९५६ मध्ये व्हर्व्ह हे लेबल स्थापन केले. श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसवले जाणार नाही, ही अट ते करारातच घालत. आयोजकाने करार किती गांभीर्याने घ्यावा, हे त्यांच्याकडून शिकावे.

पहिले काम हिशेबाचे. सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, प्रवास, जाहिरात आणि मानधन धरून एकूण खर्च किती तिकिटांत भरून निघतो, हे विक्री सुरू होण्यापूर्वी काढावे. ३०० आसनांच्या सभागृहात हा आकडा २८० येत असेल, तर तो कार्यक्रम त्या स्वरूपात हाती घेऊ नये. १८० च्या आसपास येत असेल, तर पाऊस किंवा परीक्षा आडवी आली तरी निभावते.

ध्वनिमुद्रण करताना मिक्सरमधून, म्हणजे सर्व माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून, निघणाऱ्या दोन चॅनेलच्या मिश्रणावर विसंबू नये. लहान सभागृहात ड्रम थेट ऐकू येत असल्याने ध्वनितंत्रज्ञ त्यांचा आवाज कमी ठेवतो. परिणामी त्या मुद्रणात गायकच पुढे येतो आणि ताल हरवतो. म्हणून प्रत्येक माइक स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावा.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे हक्क. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि मूळ रचनेचा वेगळा. गायकाने होकार दिला म्हणून संगीतकाराची परवानगी मिळाली, असे होत नाही. साथीदारांसह प्रत्येकाची लेखी संमती मैफलीपूर्वीच घ्यावी. टाळ्यांच्या गजरात दिलेला तोंडी शब्द पुढे वादाचे कारण ठरतो. हक्क किती वर्षांसाठी, कोणता खर्च आधी वळता होणार आणि हिशेब केव्हा मिळणार, हे कलाकाराला समजेल अशा भाषेत लिहावे.

वितरणापूर्वी प्रत्येक ट्रॅकसाठी बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घ्यावा. त्याच गाण्याचे स्टुडिओतील मुद्रण आधीच उपलब्ध असले, तरी मैफलीतील मुद्रणाला स्वतंत्र क्रमांक लागतो.