३०० ठिपके, एक कोन : पायथनमधून अंगणातलं सूर्यफूल

ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके ओळीने मांडतात. इथे ओळी नाहीत. पुढचा प्रत्येक ठिपका मागच्यापासून ठरावीक कोनात वळतो आणि जरा बाहेर सरकतो, बस्स. सूर्यफुलातल्या बियांसाठी हेल्मुट फोगेल यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र असं: न-व्या ठिपक्याचा कोन न × १३७.५०८ अंश आणि केंद्रापासूनचं अंतर क × √न. (क म्हणजे ठिपके किती सुटे ठेवायचे हे ठरवणारा आकडा.) नववी-दहावीला एवढं गणित येतंच. जागा लागते सव्वा मीटर चौरस. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा चौक असेल तर उत्तमच, नाहीतर फ्लॅटच्या दारापुढची कोटा फरशीही चालते.

आधी पडद्यावर

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा संगणकावर बसवली की टर्टल हे चित्रं काढायचं साधन सहसा सोबतच येतं. फाइलला ‘टर्टल’ हे नाव मात्र देऊ नका. पायथन मग खऱ्या टर्टलऐवजी तुमचीच फाइल उघडतं आणि भलतीच चूक दाखवतं. नवख्यांचा निम्मा तास यातच जातो.

कोन हाताने न लिहिता प्रोग्रॅमला काढू द्या: १८० × (३ − √५). क = ८ ठेवा. पेनअप करा (म्हणजे फिरताना रेघ उमटत नाही) आणि १ ते ३०० असा फॉर लूप लावा, म्हणजे त्यातल्या आज्ञा प्रत्येक आकड्यासाठी पुन्हा चालतात. रेंजमध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून तिथे ३०१ लिहायचं. लूपमध्ये चारच आज्ञा: गोटूने केंद्रावर या, सेटहेडिंगने न × कोन एवढं तोंड वळवा, फॉरवर्डने ८ × √न पुढे जा, डॉटने ९ पिक्सेलचा ठिपका काढा. या पद्धतीत साइन-कोसाइन लागत नाही, त्यामुळे अंश आणि रेडियन या कोनाच्या दोन मापांचा घोळही होत नाही. लूपच्या आधी ट्रेसर शून्य आणि नंतर अपडेट लिहिलं की चित्र क्षणात येतं. शेवटी डन हवंच, नाहीतर खिडकी लगेच मिटू शकते.

वर्गमूळ विसरलात तर मधे गर्दी आणि कडेला वाळवंट. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, म्हणून वर्गमूळ घेतल्यावरच प्रत्येक ठिपक्याला सारखी जागा मिळते.

मग कोन बिघडवा

खरा प्रयोग हा आहे. १२० दिलं की तीन सरळ काड्या, १३५ दिलं की आठ. १३७ दिल्यावर २१ वळणदार पाती आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या फटी, कारण २१ × १३७ = २८७७, म्हणजे आठ पूर्ण फेऱ्यांना फक्त ३ अंश कमी. १३७.५ दिलं तर ३०० ठिपक्यांत फरक कळत नाही. पण १४४ × १३७.५ म्हणजे बरोबर ५५ फेऱ्या, त्यामुळे ४००० ठिपक्यांना (क = ४, ठिपका ५ पिक्सेल) कडेला १४४ सरळ आरे उमटतात. हे एकदा पाहिलं की दशांशानंतरचे आकडे कशाला, असं कुणी विचारत नाही.

रंगांसाठी पडद्याची पार्श्वभूमी गडद ठेवून सम ठिपके पांढरे, विषम केशरी करा. समविषमाच्या या साध्या वाटणीने केंद्राजवळ ८ पाती दिसतात, पुढे थोडा गोंधळ होतो आणि कडेला ३४ पाती आलटून पालटून उठून दिसतात. ८ आणि ३४ या दोन्ही फिबोनाची मालिकेतल्या (१, १, २, ३, ५, ८… अशी, जिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज असते) सम संख्या आहेत.

फरशीवर

आता क = ३ सेंमी. शेवटचा ठिपका केंद्रापासून ५२ सेंमीवर येतो. प्रोग्रॅमकडून कोष्टक छापून घ्या: क्रमांक, कोन (३६० ने भागून उरलेली बाकी), अंतर. सुरुवात अशी असते: १ – १३७.५ – ३.०, २ – २७५.० – ४.२, ३ – ५२.५ – ५.२.

पुठ्ठ्याची १० सेंमी त्रिज्येची, अंश आखलेली चकती मधोमध चिकटपट्टीने बसवा. चकतीखाली येणारे पहिले ११ ठिपके तिच्यावरच टोचून ठेवा आणि चकती उचलण्याआधी भोकांतून फरशीवर खुणा करा. बाकीचे मोजपट्टीचं शून्य केंद्रावर ठेवून खडूने टिपा. कोन प्रत्येक वेळी चकतीवरूनच घ्यायचा, मागच्या ठिपक्यापासून कधीच नाही. एका ठिपक्याला एक अंश चुकलात तर कडेला जेमतेम ९ मिलिमीटर फरक पडतो. पण मागच्यावरून मोजत गेलात आणि दर वेळी अर्धा अंश कमी पडला तर तीच १३७ ची पाती अंगणात उगवतील.

जुन्या फाइलच्या पुठ्ठ्याला ३ सेंमीचं भोक पाडा आणि त्यावरून चहाच्या गाळणीने रांगोळी चाळा. ठिपक्यांची केंद्रं साधारण ५ सेंमी अंतरावर येतात, म्हणजे मधे २ सेंमी फट राहते. मंगळ बाजारातून दोन रंग मिळून अर्धा किलो आणलं तरी पुरतं. केंद्राकडून सुरुवात केली तर बाहेरचे ठिपके भरताना आतलं पुसलं जाणार. म्हणून खुणा आतून बाहेर केल्या तरी भरायचं मात्र एका बाजूने दुसरीकडे, मागे सरकत. पंखा बंद.

शेवटी कडेच्या पात्या मोजा. एका दिशेने ३४ आणि उलट दिशेने ५५ भरल्या पाहिजेत. एकाच ठिकाणी भोक पडल्यासारखं दिसलं तर कोष्टकातली एखादी ओळ सुटली आहे.