सांडपाण्यातलं क्रोमियम: रंगाने मोजावं की क्ष-किरणांनी?

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतलं प्लेटिंगचं युनिट असो की नंदेसरीचा कारखाना, बडोद्यातल्या लॅबमध्ये क्रोमियमसाठी नमुना आला की आधी विचारायचं: हेक्साव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेचं, हवंय की एकूण? नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला हेक्साव्हॅलंटची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे आणि एकूण क्रोमियमची 2.0. डायफिनाइलकार्बाझाइड या रंग देणाऱ्या रसायनाचा जांभळा रंग फक्त हेक्साव्हॅलंटमुळे येतो. एक्सआरएफला, म्हणजे क्ष-किरणांनी मोजणाऱ्या यंत्राला, मूलद्रव्य कळतं, त्याची संयुजा कळत नाही. म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या रकान्यात कधीच लिहू नये.

नमुना दोन बाटल्यांत घ्या. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालून पीएच 2 च्या खाली आणा. हेक्साव्हॅलंटच्या बाटलीत ॲसिड अजिबात नको. आम्लात सेंद्रिय पदार्थ आणि सल्फाइट हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचं) करून टाकतात, मग रंगच येत नाही आणि घाण पाणीही स्वच्छ ठरतं. ती बाटली बर्फात ठेवा, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि 24 तासांच्या आत मोजा. मे महिन्यात नमुना गाडीच्या डिकीत दुपारभर राहिला असेल, तर पुन्हा आणायला सांगणंच योग्य.

काचेची भांडी क्रोमिक ॲसिडने धुवायची सवय या कामात पूर्ण बंद हवी. काचेला चिकटून राहिलेलं क्रोमियम ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेच्या कोऱ्या द्रावणात, उतरतं. डिटर्जंट, मग 1:1 नायट्रिक आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर एवढं पुरतं.

स्टँडर्डसाठी, म्हणजे माहीत प्रमाणाच्या द्रावणासाठी, वाळवलेलं पोटॅशियम डायक्रोमेट 141.4 मिलिग्रॅम वजन करून एक लिटरला न्या. हे लिटरला 50 मिलिग्रॅम क्रोमियम झालं. त्यातलं 10 मिली घेऊन 100 मिली केलं की 5 मिलिग्रॅमचं कामाचं द्रावण मिळतं. त्यातून 2, 4, 10 आणि 20 मिली घेतलं की 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये 0.1, 0.2, 0.5 आणि 1.0 मिलिग्रॅमची रांग तयार होते. डायफिनाइलकार्बाझाइड 250 मिलिग्रॅम, 50 मिली ॲसिटोनमध्ये, तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये. त्याला रंग चढला की फेकून द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर चढतो.

फ्लास्कमध्ये नमुना घेऊन फॉस्फोरिक ॲसिडचे पाच थेंब टाका, 0.2 नॉर्मल सल्फ्युरिकने पीएच 2 च्या आसपास आणा, 100 मिली करा, 2 मिली डायफिनाइलकार्बाझाइड घाला आणि नीट हलवा. पाच ते दहा मिनिटांनी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 540 नॅनोमीटरला रीडिंग घ्या. साधा काचेचा क्युव्हेट (द्रावण मोजायचं छोटं भांडं) चालतो, क्वार्ट्झ लागत नाही. प्लास्टिकचा असेल तर ॲसिटोनने धुवू नका, धुरकट होतो. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये 0.5 मिलिग्रॅमला ॲबसॉर्बन्स (प्रकाशशोषण) 0.38 च्या जवळ यायला हवा. खूपच कमी आला तर आधी पीएच तपासा, मग डायफिनाइलकार्बाझाइड. पिण्याच्या पाण्याची एकूण क्रोमियमची मर्यादा 0.05 मिलिग्रॅम आहे. तिथे हेक्साव्हॅलंट पाहायचं तर हा ॲबसॉर्बन्स जेमतेम 0.04 येतो, म्हणून 5 सेंटिमीटरचा सेल वापरा.

रंगीत सांडपाण्यात मूळ रंगही मोजला जातो. त्याच नमुन्याचा डायफिनाइलकार्बाझाइड न घातलेला ब्लँक करून वजा करा. लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त फेरिक लोह असेल तर पिवळी छटा येते. व्हॅनेडियमचा रंग दहाएक मिनिटांत फिका होतो, म्हणून संशय आला तर थांबून पुन्हा वाचा.

नमुन्यात क्रोमियम नाहीच, असा निकाल आला की स्पाइक केल्याशिवाय, म्हणजे माहीत असलेलं क्रोमियम घालून पाहिल्याशिवाय, सही करू नये. नमुन्याचे 50-50 मिलीचे दोन भाग करून एकात कामाचं द्रावण 4 मिली घाला आणि दोन्ही 100 मिलीला न्या. स्पाइक केलेल्या फ्लास्कचा ॲबसॉर्बन्स 0.15 च्या आसपास जास्त यायला हवा. वाढ त्याच्या 85 टक्क्यांहून कमी असेल तर नमुन्यातलंच काहीतरी क्रोमियम खातंय.

आता एक्सआरएफ. बेंचटॉप यंत्राला थेट पाण्यात काही मिलिग्रॅमच्या खालचं नीट दिसत नाही, त्यामुळे 2 मिलिग्रॅमची मर्यादा तपासणं त्याच्या कुवतीच्या काठावर येतं. तिथे नमुना ॲसिडने पचवून 357.9 नॅनोमीटरच्या रेषेवर ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच (अणूंचं प्रकाशशोषण मोजणारी पद्धत) बरं. मात्र प्लेटिंगच्या बाथला (मुलाम्याच्या टाकीतल्या द्रावणाला) एक्सआरएफ सोयीचं. लिटरला 250 ग्रॅम क्रोमिक ॲसिडच्या बाथमध्ये 130 ग्रॅम क्रोमियम असतं. ते पातळ करून मोजा, आणि स्टँडर्डही तेवढ्याच सल्फेटचे, तेवढ्याच आम्लाचे बनवा. नुसत्या पाण्यातले चालत नाहीत.

नमुन्याच्या कपाच्या तळाला पॉलिप्रॉपिलीनची फिल्म लावा. पॉलिएस्टर तीव्र आम्लात टिकत नाही. फिल्म ढोलकीच्या चामड्यासारखी ताणलेली हवी. सुरकुती पडली की द्रवाचं क्ष-किरणांच्या ट्यूबपासूनचं अंतर बदलतं आणि त्याबरोबर आकडाही. भरलेला कप टिश्यूवर दहा मिनिटं ठेवून डाग उमटतो का पाहा, मगच यंत्रात ठेवा. गळती थेट डिटेक्टरवर जाते. व्हॅक्यूम कधीच लावू नका. क्रोमियमची क्ष-किरण रेषा 5.41 केईव्हीला (ऊर्जेचं एकक) आहे, हवेतही चालते; 2.31 केईव्हीच्या गंधकासाठी मात्र हीलियम लागतो.

सगळ्यात फसवा प्रकार गाळाचा. क्रोमियमचा किरण पाण्यातून जेमतेम दीडेक मिलीमीटरवरून बाहेर येतो आणि यंत्र कपाच्या तळाकडून पाहतं. तळाशी बसलेला गाळ त्यामुळे सगळ्या द्रवाचा म्हणून मोजला जातो. एकच कप लागोपाठ दोनदा मोजा. दुसरा आकडा चढला असेल तर गाळ बसतोय. गाळून पुन्हा करा. कोणत्याही वेळी फिल्मवर बुडबुडा दिसला तर आकडा घसरतो, तेव्हा कप हलकेच टिचकी मारून मोकळा करा. यंत्र वापरायच्या आधी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवरची नोंदणी झालेली हवी.

उरलेला बाथ सिंकमध्ये ओतू नका. फ्यूम हूडमध्ये पीएच 2 ते 3 ला सोडियम बायसल्फाइट घाला, नारिंगी जाऊन हिरवा होईपर्यंत. मग चुन्याने पीएच 8.5 ला आणा आणि बसलेला गाळ घातक कचऱ्याच्या पिंपात टाका. वरचं पाणी सोडण्याआधी त्यावरही एकदा डायफिनाइलकार्बाझाइड घालून पाहा.